पेंटरमामांची बार्ज

डिचोलीच्या शाखेत बदली झाली तेव्हा मला कर्जाचं टेबल मिळालं. पहिल्याच आठवड्यात कळलं की या टेबलावर येणारे निम्मे कागद ट्रकचे असतात आणि उरलेले बार्जचे. खाणीतला माल, म्हणजे लोहखनिज, ट्रकांतून सारमानसच्या धक्क्यावर यायचा, धक्क्यावरून बार्जमध्ये पडायचा आणि मांडवीतून खाली मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांकडे जायचा. ट्रक घेणारा माणूस ट्रक आणून बँकेच्या दारात उभा करायचा. बार्ज बघायला मात्र आपल्यालाच नदीवर जावं लागायचं.

मी पेडण्यातल्या केरीची, तेरेखोल नदीच्या मुखाशी वाढलेली. होडी, जाळी, ओहोटी-भरती मला नवी नव्हती. पण बार्ज ही चीज वेगळी. लांबच लांब लोखंडी पेटी, मागच्या टोकाला खलाशांच्या राहण्याची जागा, तिच्यावर सुकाणूची केबिन आणि सगळ्यावर मालाची तांबडी धूळ. सुंदर म्हणावं असं तिच्यात मला काही दिसलं नाही. म्हणून पहिल्यांदा एका बार्जमालकाच्या घरी सह्या घ्यायला गेले आणि त्याच्या बैठकीच्या भिंतीवर बार्जचं चित्र पाहिलं, तेव्हा मी हातातला चहाचा कोप तसाच धरून बघत राहिले.

चित्र दाराच्या फळीएवढं होतं. सोनेरी चौकट, वर एक छोटा दिवा. बार्ज बाजूने दिसणारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मालाचे तांबडे ढीग एकसारखे, खाली निळंशार पाणी. सारमानसला असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. मागे हिरवी टेकडी. पुढच्या टोकावर बार्जचं नाव, प्रत्येक अक्षराला बारीक सावली दिलेली. चित्रात माणूस एकही नव्हता. देवांच्या तसबिरीपेक्षा ते बोटभर खाली टांगलं होतं, आणि ते अंतर मुद्दाम ठेवलेलं असणार हे लगेच कळत होतं.

“कोणी काढलं हे?” मी विचारलं.

“आमच्या पेंटरान,” मालक म्हणाले. “बार्ज घेतली की चित्र काढून घेवचेंच पडतां. ना जाल्यार लोक विचारतात.”

पुढे मी ज्या ज्या घरी गेले तिथे हेच. मयें, पिळगाव, साखळी, कुठेही जा, बार्जमालकाच्या घरात, म्हणजे तिकडे ज्याला पात्रांव म्हणतात त्याच्या घरात, भिंतीवर बार्ज. जिच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत ती आणि पूर्वी विकलेलीसुद्धा. आणि चित्रं सगळी एकाच हातची.

तो हात कारापूरला राहत होता. आमच्या शाखेची पाटी उन्हाने फिकी पडली म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं, तेव्हा ओळख झाली. साखळीचा पूल ओलांडून थोडं चाललं की घर. सोप्यावर टर्पेंटाइनचा वास, एका कोपऱ्यात नाटकाच्या पडद्याची गुंडाळी, दुसऱ्या कोपऱ्यात कोरड्या होत असलेल्या नंबरप्लेटी. उंच, वाकलेले, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. सगळे त्यांना पेंटरमाम म्हणायचे, मीही म्हणू लागले. घरात ते कोंकणी बोलायचे, माझ्याशी मराठी. दुकानांच्या पाट्या, जत्रेच्या नाटकांचे पडदे, बार्जवरची नावं आणि बार्जची चित्रं, एवढं त्यांचं काम.

“हे वडिलांकडून आलं,” त्यांनी सांगितलं. “ते शिडाच्या गलबतांची चित्रं काढायचे. सागवानी फळीवर. किनाऱ्यावरचे मालक मुद्दाम बोलवायचे त्यांना, वर वेंगुर्ल्यापर्यंत.” त्यातली एक फळी अजून त्यांच्या घरात होती. फुगलेलं शीड, ताणलेले दोर. रंग तडकला होता, पण गलबत अजून चालल्यासारखं वाटत होतं.

पेंटरमामांची पद्धत ठरलेली. ते काठावर छत्री घेऊन उभे राहायचे. बार्ज येताना बघायची, भरताना बघायची, जाताना बघायची, आणि पेन्सिलीने टिपून घ्यायची. बार्जवर ते कधीच चढायचे नाहीत.

“का हो?” मी विचारलं.

“बाय, मला फेरीबोटसुद्धा लागते,” ते म्हणाले. “दिवाडीला बहीण दिलीय. तिच्याकडे जायचं म्हणजे मी डोळे मिटून उभा राहतो.”

“आणि चित्रात माणसं का नसतात?”

“माणूस काढला की भांडण आलं. तांडेल म्हणणार, बार्ज मी चालवतो, मला दाखवा. पात्रांव म्हणणार, पैसे मी दिले. त्यापेक्षा कोणीच नको.”

त्यांची बायको आतून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “खरं सांगा ना. तुम्हाला माणसांचे हात काढता येत नाहीत.” पेंटरमाम हसले. त्यांनी ते नाकारलं नाही.

त्यानंतर वर्षभराने असेल, एक तांडेल माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तांडेल म्हणजे बार्जचा कप्तान. रापलेला, आडव्या बांध्याचा माणूस, इस्त्रीचा शर्ट नुकताच घडी मोडून घातलेला. खुर्ची दाखवली तरी बसेना.

“बाय, माका बार्ज घेवची आसा.”

“खंयची बार्ज?” मी आमच्या घरच्या बोलीतच विचारलं.

त्याचा चेहरा उजळला. “तुमी पेडण्याच्या?”

“केरीच्या.”

“मगे!” म्हणत तो बसला. तो चोपड्याचा निघाला, शापोरा नदीच्या काठचा. “मी चलवतंय तीच बार्ज. पात्रांव आता म्हातारो झालो. झील त्याचो भायर, हंय येवचो ना. तो ती इकूक काढता. दुसऱ्या कोणी घेतली तर तो आपलो तांडेल हाडतलो. मग मी खंय जाव?”

मालक म्हातारा, मुलगा परदेशात, बार्ज विकायची, आणि ती कितीतरी वर्षं चालवणाऱ्यालाच ती घ्यायची होती. मला हे फार आवडलं. मॅनेजरसाहेबांना मात्र आवडलं नाही. ते कोल्हापूरकडचे, मनाने चांगले, पण पाण्यावरच्या कर्जाची त्यांना धास्ती होती.

“बार्ज जुनी आहे,” ते म्हणाले. “आणि तांडेल पगारी माणूस. पगारी माणूस एकदम मालक झाला की त्याला घोर लागतो.”

“साहेब, बाकीच्या कर्जांत आपल्याला भीती असते की मालक बार्ज कोणाच्या हातात देतोय. इथे तेवढी तरी भीती नाही.”

त्यांनी बार्ज तपासून घ्यायला सांगितलं. तपासणाऱ्याने तळाचे काही पत्रे बदलावे लागतील असं कळवलं, बाकी ठीक. आता अडचण एकच राहिली. कर्ज घेणाऱ्याने स्वतःचा जो हिस्सा घालायचा असतो तो तांडेलाकडे पुरा होत नव्हता. चोपड्याची जमीन, बायकोचं सोनं, भावाची मदत, सगळं धरूनही कमी पडत होता. मी त्याला तसं सांगितलं. तो “बरा” म्हणाला आणि उठून गेला. ते “बरा” माझ्या मनात पुष्कळ दिवस राहिलं. माझ्या सहीच्या शिफारशीने जाणारं ते बार्जचं पहिलंच प्रकरण होतं, आणि ते तिथेच संपलं असं मी धरून चालले होते.

पण एका सकाळी तांडेल परत आला, आणि त्याच्यामागून छत्री मिटवत पेंटरमाम. धक्क्यावर दोघांची वर्षानुवर्षांची ओळख होती.

“उरलेला हिस्सा मी घालतो,” पेंटरमाम म्हणाले. “मला बार्जमध्ये वाटा द्या. तसं चालतं ना?”

चालत होतं. बार्जमध्ये दोघा-तिघांचा वाटा असणं ही तिकडे नवलाची गोष्ट नव्हती. पण ते वाटेकरी व्यापारी असायचे, खाणीवरचे कंत्राटदार असायचे. मी दोघांना साहेबांच्या खोलीत नेलं.

साहेबांनी पेंटरमामांना निरखून पाहिलं. आमची पाटी रंगवणारा हा माणूस. “तुम्ही कधी बार्जवर पाय ठेवलाय?”

“नाही.”

“आणि त्यात पैसे घालताय?”

“तुम्हीपण कधी ठेवला नाही, साहेब,” पेंटरमाम शांतपणे म्हणाले. “आणि सगळ्यात जास्त तर तुम्हीच घालताय.”

साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. मला वाटतं, कर्ज खरं म्हणजे त्या क्षणीच मंजूर झालं. बाकीचे सोपस्कार नंतर झाले.

हे पैसे पेंटरमामांनी घरावर स्लॅब घालायला साठवले होते, हे मला मागाहून त्यांच्या बायकोने सांगितलं. मी घाबरूनच विचारलं, “मग तुम्ही हो कसं म्हटलंत?”

“कौल गळतं तिथे भांडं ठेवता येतं,” ती म्हणाली. “हा माणूस बार्ज, बार्ज करत घरभर फिरत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या काढल्या. म्हटलं, घ्या एकदाची.”

बार्ज दुरुस्तीला यार्डात चढली. तळाचे पत्रे बदलले, घासून शेंदरी प्रायमर लागला, त्यावर काळा रंग. जमिनीवर होती म्हणून पेंटरमाम बिनधास्त शिडीवर उभे राहून नाव रंगवू शकले. नाव तांडेलाच्या आईचं ठेवलं होतं. म्हातारी चोपड्याहून मुद्दाम आली होती. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं जाताना बघून ती पदराने तोंड झाकून हसत राहिली, आणि शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत जागची हलली नाही. नारळ फोडून बार्ज पाण्यात गेली. खलाशांनी पेंटरमामांना त्याच दिवशी “पात्रांव” म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेने, मग सवयीने.

आता चित्र. सगळ्यांनी धरलंच होतं की हे चित्र तर चुटकीसरशी होईल. तांडेलाने डिचोलीतच भाड्याने घर घेतलं होतं. त्याच्या बायकोने बैठकीत समोरची भिंत रिकामी ठेवली, खिळासुद्धा ठोकून घेतला. पण दिवस गेले, महिने गेले आणि खिळ्यावर काही चढलं नाही.

मी दर थोड्या दिवसांनी त्या कर्जाच्या निमित्ताने कोणाला ना कोणाला भेटायचे. हप्ते वेळेवर येत होते. तक्रार एकच असायची.

“पेंटर खंय आसा?” तांडेलाची बायको मला विचारायची, जणू बँकेनेच त्यांना कुठे लपवून ठेवलं होतं. “सगळ्यांची काढता आणि आपली काढीना. शेजारीण विचारता, तुमची बार्ज खरीच आसा मगे?”

पेंटरमामांजवळ कारण तयार असायचं. पहिल्या पावसाळ्यात बार्जच्या तळाला पाणी यायला लागलं, तेव्हा ते म्हणाले, दुरुस्ती होऊ दे. मग रंग बदलला, तेव्हा म्हणाले, रंग मुरू दे. मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. रस्ते अडवले जात होते, बसगाड्या बंद पडत होत्या, ओळखीची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आमच्या केरीच्या घरात वडील वर्तमानपत्र मराठी वाचत आणि त्यावर वाद घालत आमच्या बोलीत. त्या दिवसांत पेंटरमामांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कापडी फलक रंगवायला कोंकणीवाले दुपारी यायचे, मराठीवाले संध्याकाळी. सोप्यावरच्या एका दोरीवर दोन्हींच्या घोषणा शेजारी शेजारी वाळत असायच्या.

“तुमचं मत काय, पेंटरमाम?” मी एकदा विचारलं.

“माझं मत बायको सोडून कोणी विचारत नाही,” ते म्हणाले. “अक्षरं दोघांची सारखीच आहेत. फक्त रात्री दोरीवरून काढताना अदलाबदल होऊ नये, याची काळजी घेतो.”

मग राजभाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झालं, फलक थांबले. डिचोलीच्या बाजारात फटाके फुटले, आमच्या शाखेत पेढे वाटले गेले. पेंटरमामांजवळ आता कोणतंही कारण उरलं नव्हतं. त्या आठवड्यात मी कारापूरला गेले तेव्हा ते सोप्यावर एका मोठ्या फळीसमोर बसले होते. फळीवर बार्ज होती. माझ्या डोळ्यांना ती अगदी बरोबर दिसली. मी काही म्हणायच्या आत त्यांनी चुन्याचा हात फिरवून सगळं पुसून टाकलं.

“अहो, काय केलंत हे?”

“पाचसहा वेळा केलंय,” आतून त्यांची बायको म्हणाली. “चुना संपला घरातला.”

पेंटरमाम हात पुसत बसले. मग हळूहळू बोलले. “दुसऱ्याची बार्ज असते तेव्हा मला तिचा आकार दिसतो, बाय. रंग दिसतो. ही समोर आली की मला तळाचा पत्रा दिसतो. इंजिन किती दिवस टिकेल ते दिसतं. पावसात पाणी आलं होतं ती जागा दिसते. चित्रात दिसत नाही ते सगळं दिसतं, आणि जे काढायचं ते काही केल्या दिसत नाही. काठावर उभा राहिलो तर ती माझ्यापासून लांब चाललीय असंच वाटतं.”

मला त्यांचं वाईट वाटलं. शिडाच्या गलबतांपासून चालत आलेली घरची विद्या, आणि स्वतःची बार्ज झाल्यावर हात अडावा. पण मी सहज म्हणून गेले, “मग काठावर उभं राहू नका. बार्जवर चढा.”

“मी?”

“पावसाळा संपला की मला बँकेतर्फे बार्ज बघायला जायचंच आहे. ती एका जागी थांबते कुठे? मी सारमानसहून बंदरापर्यंत तिच्यातूनच जाणार. तुम्ही चला. मी आहे सोबत.”

“जा,” त्यांची बायको दारात येऊन म्हणाली. “उलटी झाली तर नदीतच होईल. माझ्या सोप्यावर तर नाही.”

पावसाळ्यानंतर ठरल्या सकाळी ते धक्क्यावर आले ते छत्री, कापडी पिशवी आणि पिशवीत लिंबं घेऊन. बार्ज भरून झाली होती. धक्का आणि बार्ज यांच्यामध्ये एक फळी टाकली होती. पेंटरमाम फळीसमोर उभे राहिले आणि हलेनात. खलाशांपैकी दोघं आले, एकाने पुढून हात धरला, एकाने मागून, आणि “चला, पात्रांव” म्हणत त्यांना आपल्याच बार्जवर पहिल्यांदा आणलं. तांडेलाने त्यांना केबिनमध्ये आपल्या शेजारी उंच स्टुलावर बसवलं.

“पाण्याकडे बघू नकात,” तो म्हणाला. “नाळीकडे बघा. नाळ म्हणजे हें पुढचा टोक. नजर थंयच ठेवा. नाळ हलली की तुमका आधी कळतला आणि मग पोटात काय होवचा ना.”

पेंटरमामांनी दोन्ही हातांनी समोरची कड धरली आणि नजर नाळीवर लावली. इंजिनाचा आवाज वाढला, धक्का मागे सरकला.

मी नदीकाठची असूनही नदी अशी कधी पाहिली नव्हती. दोन्ही काठ आपल्या दिशेने चालत येतात आणि बाजूने निघून जातात. खारफुटीची झाडं, मिठागरं, चोडणचं देऊळ, दिवाडीच्या टेकडीवरचं पांढरं चर्च. समोर मालाचे तांबडे ढीग, त्यापलीकडे लांबवर नाळ, आणि नाळीपुढे पाणी उघडत जाणारं. दिवाडीची फेरीबोट आडवी गेली. पेंटरमाम तिच्यातल्या माणसांकडे बघून म्हणाले, “ते बघा, तो खांबाला धरून उभा आहे ना, तो मी.” तोपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

पणजीचा पूल तेव्हा पडलेला होता, त्यामुळे शहरासमोर फेरीबोटींची एकच धांदल. तांडेल भोंगा वाजवत, एका हाताने चाक सैल धरून, त्यांच्यामधून बार्ज काढत होता. तो आमच्याशी बोलत होता तो पेडण्याच्या भातशेतीबद्दल, पण डोळे पुढेच. आग्वादच्या किल्ल्यापाशी समुद्राची लाट पहिल्यांदा खालून आली. नाळ वर उचलली गेली, थांबली, खाली गेली. मीच कडेला हात टेकला. पेंटरमामांकडे पाहिलं तर त्यांनी हात सोडले होते.

“तुला हे रोज असं दिसतं?” त्यांनी तांडेलाला विचारलं.

“असाच.”

“बाजूने कशी दिसते तुझी बार्ज, ते माहीत आहे तुला?”

तांडेल थोडा गोंधळला. “बाजून? धक्क्यार लागता तेव्हा बघतंय कधी. पण ती उभी असता ना तेव्हा. चलताना माका कशी दिसतली? मी हंय असतंय.”

पेंटरमाम परत नाळीकडे बघू लागले. बंदरात एका मोठ्या जहाजाच्या पोटाशी आमची बार्ज लागली. जहाजाची भिंत इतकी उंच की तिच्यापुढे आम्ही एखादं होडकं वाटत होतो. क्रेनचा पंजा खाली येऊन माल उचलू लागला. खलाशांनी चहा केला, बरोबर सकाळचे पाव होते. पेंटरमामांनी दोन पाव खाल्ले, आणखी मागून घेतला. लिंबं पिशवीतच राहिली.

त्यानंतर ते मला पुष्कळ दिवस दिसले नाहीत. मग एका रविवारी तांडेलाच्या घरी जेवायचं बोलावणं आलं. साहेबही सहकुटुंब आले होते. पेंटरमाम रिक्षातून चादरीत गुंडाळलेली फळी घेऊन उतरले. त्यांची बायको मागून फळीचं दुसरं टोक धरून. चित्र मेजावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि चादर काढली.

बार्ज बाजूने नव्हतीच. केबिनच्या काचेतून दिसावं तसं होतं सगळं. जवळ काचेची चौकट, पुढे तांबडे ढीग पाठीमागून पाहिलेले, लांबवर छोटीशी नाळ, आडवी जाणारी फेरीबोट, आणि रुंद होत गेलेली नदी. पाणी निळं नव्हतं. मांडवीचं होतं, किंचित गढूळ, वर ऊन पडलेलं. आणि चित्राच्या उजव्या कडेला, चाकावर ठेवलेला एक हात. जाड बोटं, फुगलेल्या शिरा.

सगळे मेजाजवळ सरकले. मग तांडेलाची बायको म्हणाली, “चित्र बरा आसा. पण बार्ज खंय?”

“ही काय!” तांडेल एकदम म्हणाला. तो पुढे झाला, चित्राच्या अगदी जवळ गेला आणि त्याने रंगवलेल्या हाताशेजारी आपला हात धरून बघितला. “ही काय बार्ज. मी हीच बघतंय. कितीशी वर्सां झाली, मी हीच बघतंय.” तो पेंटरमामांकडे वळला. त्याने त्यांच्यासाठी कदेल पुढे ओढली, त्यांना बसवलं आणि स्वतः आत जाऊन पाणी घेऊन आला.

“तुका दिसली, पण पावण्यांक कशी समाजतली?” बायको ऐकेना. “नावसुद्धा दिसना. सासूचा नाव ठेवला आणि ताच दिसना.”

म्हातारी आतल्या दारात बसली होती. ती म्हणाली, “माझा नाव नको गे. माझ्या झिलाचो हात आसा.”

पेंटरमाम जोरात हसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. “वयनी, आणखी एक काढतो,” ते म्हणाले. “बाजूने. नावासकट, निळ्या पाण्यासकट.”

आणि ते त्यांनी खरंच आठवड्याच्या आत काढून दिलं. एकदा अडलेला हात सुटल्यावर त्यांना त्यात काही कठीण राहिलं नव्हतं. ते चित्र बैठकीत लागलं, शेजारणीचं समाधान झालं. पहिलं तांडेलाने आतल्या खोलीत लावलं, तो जेवायला बसतो त्याच्यासमोर. बायकोची तक्रार अशी की तो आता ताटात काय आहे ते बघत नाही.

साहेबांनी त्या दिवशी निघताना पेंटरमामांना बाजूला घेऊन विचारलं, “हात कधीपासून काढायला लागलात?”

“हा पहिलाच,” पेंटरमाम म्हणाले. “बायकोला दाखवायला काढला.”

त्या चित्राची बातमी धक्क्याधक्क्यावर पसरली. तांडेल लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. मग त्यांनी आपापल्या पात्रांवांच्या मागे लकडा लावला की आमच्या बार्जचंही असं हवं. पेंटरमाम म्हणायचे, बसून बघितल्याशिवाय काढता येणार नाही. मग ते त्या त्या बार्जवरून जायचे, एकदा, दोनदा, कधी काही कारण नसतानासुद्धा. कोरड्या दिवसांत ते घरी सापडेनासे झाले. दिवाडीच्या बहिणीकडेही आता महिन्यातून एकदा चक्कर असायची.

बार्जचं कर्ज मुदतीच्या आधी फिटलं. पेंटरमामांच्या वाट्याच्या पैशांतून घरावर स्लॅबही पडला, उशिरा का होईना. कर्जाच्या टेबलावर पुढे मी कितीतरी वर्षं काढली, वेगवेगळ्या शाखांत. कोणी बार्जचा कागद घेऊन आलं की मी कागद बाजूला ठेवून आधी विचारायचे, बार्ज कोण चालवणार, आणि तो माणूस घरी कधी भेटेल. त्या त्या शाखेचे साहेब हे ऐकून मान हलवायचे, पण कोणी कधी अडवलं नाही.

डिचोलीहून माझी पेडण्याला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला कारापूरला गेले. पेंटरमाम नव्हते. त्यांची बायको सोप्यावर काजूच्या बिया निवडत बसली होती.

“गेलेत कोणाच्या तरी बार्जवर,” ती म्हणाली. “कालपासून. आता विचारायचंच सोडलंय. येतात ते काळे ठिक्कर होऊन, दुप्पट जेवतात आणि झोपतात. मग उठले की तिथल्या गोष्टी. अमुक तांडेल असा, तमुक खलाशी तसा. पूर्वी हा माणूस बोलायचा तरी कुठे एवढा?”

तिने मला आत नेलं, मोठा कोपभर चहा दिला, जाताना काजूच्या भाजलेल्या बिया कागदात बांधून दिल्या. साखळीच्या स्टँडवर आले तेव्हा म्हापशाची बस लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली. पुढे म्हापशाला पेडण्याची बस पकडून दिवेलागणीच्या सुमारास मी घरी पोचले, आणि वडिलांना बिया सोलून दिल्या.